काऊ भिजलाय, दार कोण उघडणार?

मूल दीड वर्षाचं होतं त्या सुमाराला घराघरांत एक गोष्ट घडते आणि ती बहुतेकांच्या ध्यानातही येत नाही. मूल रिकामी वाटी पुढ्यात ओढतं, तिच्यात चमचा फिरवतं आणि तो रिकामा चमचा आईच्या नाहीतर बाहुलीच्या तोंडाला लावतं. महिना-दोन महिन्यांपूर्वी हेच मूल असाच रिकामा चमचा स्वतःच्या तोंडात घालून ‘मम्म’ करत होतं. आता घास दुसऱ्याकडे वळला. दुसऱ्याला भूक लागते, दुसऱ्यालाही लागलं-खुपलं की दुखतं आणि त्यावर आपल्याला काही करता येतं, ही जाण लहान मुलांत कशी रुजते हे समजून घ्यायचं तर या वळलेल्या चमच्यापासून सुरुवात करावी.

बारामती-नीरा रस्त्यावरचं वडगाव निंबाळकर डोळ्यांपुढे ठेवून मी हे लिहितेय. नीरा डाव्या कालव्याचं पाणी, त्यावरचा ऊस, दारात एखादी गाय, घरात आजी, शेजारी चुलत भावंडं. अशा घरात खोट्या-खोट्या खेळाला लागणारं सगळं सामान आधीपासूनच असतं. कणसाला फडकं गुंडाळलं की बाळ तयार, कणसाच्या तुऱ्याचे त्याला केसही असतात. खापरी ही भाकरी, चिंचोके ही भाजी, उसाचं पाचट म्हणजे गाईचा चारा. दुकानातलं प्लास्टिकचं स्वयंपाकघर नसलं तर काही अडत नाही. उलट खापरीची भाकरी करताना मुलाच्या मनाला जे काम करावं लागतं, ते भाकरीसारख्याच दिसणाऱ्या खेळण्यात करावं लागत नाही. रशियन मानसशास्त्रज्ञ लेव्ह वायगॉट्स्की यांनी १९३३ साली लेनिनग्राडमध्ये दिलेल्या व्याख्यानात काठीच्या घोड्याचं उदाहरण घेऊन हेच मांडलं होतं. समोर काठी आहे, मनात घोडा आहे आणि मूल मनातल्याप्रमाणे वागतं. डोळ्यांना दिसतं त्याच्या पलीकडचं काही मनात धरून वागायची ही त्याची पहिली तालीम. दुसऱ्याच्या पोटातली भूक तरी डोळ्यांना कुठं दिसते?

आता जरा मागे जाऊ. तान्ह्या बाळांच्या खोलीत एक रडलं की दुसरं रडतं, हे प्रत्येक सुईणीला माहीत असतं. संशोधकांनी ते १९७० च्या दशकात नीट तपासून नोंदवलंही. पण त्या रडण्यात ‘तो’ आणि ‘मी’ असा भेद अजून पडलेला नसतो. वर्षाच्या आतबाहेरचं मूल दुसऱ्याचं रडणं ऐकून स्वतःच आईच्या कुशीत शिरतं. त्यानंतरचा टप्पा फार गोड आहे. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ मार्टिन हॉफमन यांनी एका मुलाचं उदाहरण दिलं आहे. त्याचा सवंगडी रडत होता. सवंगड्याची आई तिथंच होती, तरी हे मूल जाऊन स्वतःच्या आईला घेऊन आलं. मदत करायची इच्छा पुरी होती. फक्त ‘मला जे लागतं तेच त्याला लागत असणार’ एवढाच त्याचा हिशेब होता. आपल्याकडे आजी कण्हत पडली की नातू आपलं लाळेनं भिजलेलं दुपटं आणून तिच्या अंगावर टाकतो, तेव्हा तो त्याच टप्प्यावर असतो. त्याला हसू नये. ते दुपटं घ्यावं, अंगावर ओढावं आणि बरं वाटलं म्हणून सांगावं.

दुसऱ्याचं मन आपल्यापेक्षा वेगळं असू शकतं, हे कधी कळतं? बेटी रेपाचोली आणि ॲलिसन गोपनिक यांनी १९९७ मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग याबाबत नेहमी सांगितला जातो. मुलासमोर दोन वाडगे ठेवले. एकात खारी बिस्किटं, दुसऱ्यात कच्ची ब्रोकोली. मुलांना अर्थातच बिस्किटं आवडत होती. प्रयोग करणाऱ्या बाईनं मात्र बिस्किट खाऊन तोंड वाकडं केलं आणि ब्रोकोली खाऊन ‘वा!’ म्हटलं. मग हात पुढे करून म्हणाली, मला थोडं दे. १४ महिन्यांच्या मुलांनी तिला बिस्किटंच दिली. १८ महिन्यांच्या मुलांनी तिला आवडणारी ब्रोकोली दिली, स्वतःला ती आवडत नसतानाही. पुढे इतरांनी असे प्रयोग केले तेव्हा निकाल दर वेळी इतका स्वच्छ आला नाही. तरी दीड ते अडीच वर्षांच्या काळात ही खिडकी हळूहळू उघडते, याबद्दल फारसा वाद नाही. याच वयाची मुलं मदतीला किती तत्पर असतात, हे फेलिक्स वार्नेकेन आणि मायकेल टोमासेलो यांनी २००६ मध्ये दाखवलं. अनोळखी माणसाच्या हातून कपडे वाळत घालायचा चिमटा खाली पडला आणि त्याचा हात तिथवर पोचेना, की १८ महिन्यांची मुलं जाऊन तो उचलून देत. बक्षीस नाही, शाबासकी नाही, कुणी सांगितलेलंही नाही.

म्हणजे माया बाहेरून आत घालावी लागत नाही, ती असतेच. तिला जागा, सराव आणि शब्द लागतात. खोटा-खोटा खेळ या तिन्ही गोष्टी देतो. आणखी एक गोष्ट देतो, जी मला सगळ्यांत मोलाची वाटते. लहान मूल दिवसभर घेणाऱ्याच्या जागी असतं. त्याला भरवतात, न्हाऊ घालतात, उचलतात, झोपवतात. खेळात मात्र ते देणाऱ्याच्या जागी येतं. घरात सगळ्यांत लहान असलेलं माणूस तिथं कुणाचं तरी मोठं होतं.

आता प्रत्यक्ष कसं खेळायचं ते पाहू. पहिली गोष्ट म्हणजे खाली बसायचं. खुर्चीवरून सूचना देत हा खेळ होत नाही. मूल काय करतंय ते थोडा वेळ नुसतं पाहायचं. ते डब्याची झाकणं आपटत असेल तर आपटू द्यावं. मग त्याच्याच खेळात एक गरज आणून सोडायची आणि थांबायचं. समजा, आजी आणि दोन वर्षांची नात ओसरीवर आहेत.

“आगं बया, बाळ रडतंय जणू.”

नात बघते. आजी गप्प बसते. हे गप्प बसणंच सगळ्यांत अवघड. मोठ्या माणसाला दहा सेकंदांची शांतताही सोसत नाही. तो लगेच “त्याला दूध दे, त्याला झोपव, असं नाही, असं धर” सुरू करतो, आणि खेळ तिथंच मुलाच्या हातातून निसटतो. आजीनं धीर धरला तर नात पुढे होते.

“मम्म.”

“व्हय का? भूक लागली असंल त्याला?”

नात झाकणात चमचा बुडवून बाहुलीच्या तोंडाला लावते. बाहुलीच्या डोळ्याला लावला तरी चालतो.

“आता गं? गप झालं का?”

नात बाहुलीकडे निरखून बघते आणि मान हलवते. नाही. अजून रडतंय.

इथं आजीनं उत्तर सांगून टाकू नये. “मग काय झालं असंल गं त्याला?” एवढंच विचारावं. एखादी नात बाहुलीला मांडीवर घेऊन हलवेल, एखादी तिचं फडकं सोडून बघेल, एखादी बाहुलीला तशीच टाकून अंगणातल्या मांजरामागे पळेल. तिन्ही ठीक आहे. दोन वर्षांच्या मुलाचा असा खेळ चार-पाच मिनिटं टिकला तरी पुष्कळ झाला.

‘काय झालं असेल’ हा प्रश्न मुद्दाम मुलाकडे ठेवायचा, यालाही आधार आहे. पिट्सबर्ग विद्यापीठातल्या सेलिया ब्राउनेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये आईवडील आणि लहान मुलं चित्रांची पुस्तकं पाहताना काय बोलतात ते तपासलं. जी मुलं जास्त वाटून घेत होती, जास्त मदत करत होती, त्यांचे आईवडील पुस्तकातल्या भावनांबद्दल अधिक बोलत होते. त्यातही खरा फरक दिसला तो मुलाला बोलतं करण्यात. ‘हा रडतोय’ असं आपण सांगण्यापेक्षा ‘याला काय झालं?’, ‘का बरं रडतोय?’ असं विचारण्यात. फक्त त्याची तोंडी परीक्षा होऊ देऊ नये. “हा हसतोय की रडतोय? सांग. नीट सांग” असं सुरू झालं की मूल उठून जातं आणि त्यानं जावंच.

दीड वर्षाचं मूल बाहुलीला नुसतं भरवतं. दोन-सव्वादोनला त्याच्या खेळात घटनांची माळ येते. आधी आंघोळ, मग पावडर, मग मम्म, मग गाई. अडीचच्या पुढे बाहुलीला स्वतःचं मन येतं. “तिला नको झोपायला,” असं मूल सांगतं. हे वाक्य कानावर पडलं की समजावं, मोठी मजल मारली. मुलाला स्वतःला झोप नको असेलही. पण आपल्या हातातल्या फडक्याच्या गाठोड्याला काहीतरी हवं-नको आहे, ही कल्पना आता त्याच्या डोक्यात पक्की उभी राहिली आहे.

या वयासाठी आपल्याकडे एक तयार नाटक आहे. चिऊकाऊची गोष्ट. काऊचं घर शेणाचं, चिऊचं मेणाचं, पाऊस येतो, काऊचं घर वाहून जातं आणि तो चिऊच्या दारात येऊन उभा राहतो. आतून चिऊ एकामागून एक कामं सांगत राहते. पिढ्यानपिढ्या आपण ही गोष्ट चिऊच्या बाजूनं सांगत आलो. चिऊ शहाणी, काऊ वेंधळा. मला मात्र या गोष्टीतला सगळ्यांत जिवंत क्षण बंद दाराचा वाटतो. कुणीतरी भिजून बाहेर उभं आहे आणि कुणीतरी आत उबेला आहे. लहान मुलांना दुसऱ्याची कळ समजावी म्हणून याहून सोपा प्रसंग मुद्दाम रचूनही सापडायचा नाही.

दोन बाजांमध्ये चादर टाका. ते घर. पहिल्यांदा मूल चिऊ होईल, तुम्ही काऊ व्हा. बाहेर उभं राहून एवढंच म्हणा, “चिऊताई, मी भिजलो, मला थंडी वाजतेय.” आणि थांबा. काही मुलं लगेच चादर वर करतात. काही मात्र गोष्टीतल्याप्रमाणे “थांब, माझ्या बाळाला आंघोळ घालतेय” म्हणत खिदळत राहतात, पुन्हा पुन्हा. ती निर्दय झाली असं समजू नका, नाटकात रमलीत. तुम्ही फक्त थोडं अधिक कुडकुडा. मग अदलाबदल करा. आता मूल बाहेर, तुम्ही आत. एकदाच, फार तर दोनदा “थांब” म्हणा. दोन-अडीच वर्षांच्या मुलाला दाराबाहेर फार वेळ उभं करायचं नाही, खेळातही नाही. मग दार उघडा, टॉवेलनं केस पुसा, खोटा गरम चहा द्या. त्यानंतर पुन्हा मूल चिऊ झालं की काय करतं ते पाहा. एकच दार आतून कसं दिसतं आणि बाहेरून कसं दिसतं, हे त्यानं आता अंगानं अनुभवलेलं असतं. काही घरांत गोष्टीच्या शेवटी काऊला चटका बसतो. मूल तोही खेळात आणेल. तेव्हा “काऊला बाऊ झाला” म्हणून फुंकर घालायला जागा मिळते.

‘बाऊ’वरून आठवलं. मूल अडखळून पडलं की आपण फरशीवर हात आपटतो. “हात रे, माझ्या बाळाला लावलंस!” म्हणून फरशीला मारतो. मूल गप्प होतं. हाही खोटा-खोटा खेळच आहे आणि आपल्याइतका तो कुणी सराईतपणे खेळत नसेल. पण दुखलं की कुणालातरी मारायचं, हा यातला धडा मला मान्य नाही. त्याऐवजी “कुठं लागलं? गुडघ्याला? दुखलं ना?” असं विचारून फुंकर घालायला तेवढाच वेळ लागतो. आणि दुसऱ्या दिवशी बाहुली पडते तेव्हा मूल काय करतं ते बघाच. ज्या घरात फरशीला मार मिळतो, तिथलं मूल बाहुलीसाठी फरशीला मारतं. ज्या घरात फुंकर असते, तिथं फुंकर. मूल आपल्याला खेळात जसंच्या तसं दाखवत असतं.

म्हणूनच मूल बाहुलीला बदडायला लागलं तर धक्का बसतो. “खा म्हणतेय ना!” असं ओरडून ते चिंधीच्या बाहुलीच्या पाठीत धपाटा घालतं आणि आवाज अगदी घरातल्याच कुणाचा असतो. अशा वेळी “असं करायचं नाही” म्हणून बाहुली काढून घेऊ नये. खेळात शिरून बाहुलीच्या बाजूनं बोलावं, “आई गं, मला दुखलं. मला भीती वाटली.” पुन्हा थांबावं. बहुतेक मुलं जराशी चपापतात, बाहुलीला जवळ घेतात. जे घेत नाही त्याला उद्या पुन्हा संधी असते. रोजच्या रोज, बराच काळ खेळ फक्त माराचाच होत राहिला तर मात्र घरात किंवा शेजारी मूल काय पाहतंय, याचा शांतपणे शोध घ्यावा.

सुईचा खेळही असाच महत्त्वाचा. १६ ते २४ महिन्यांच्या दरम्यान गोवर-रुबेलाचा दुसरा डोस आणि त्रिगुणीचा बूस्टर असतो. अंगणवाडीत लसीकरणाचा दिवस झाला की त्या आठवड्यात गावातल्या कितीतरी बाहुल्यांना काडीची सुई टोचली जाते. मूल भीती पचवत असतं. टोचून झाल्यावर बाहुलीला उचलून घ्यायचं, चोळायचं, “झालं, झालं” म्हणायचं, हा पुढचा भाग आपण जोडून द्यावा, कारण त्या दिवशी आपण त्यालाही तसंच उचलून घेतलेलं असतं.

आपल्या बालशिक्षणाच्या परंपरेत या खेळाची जागा थोडी नाजूक राहिली. ताराबाई मोडक गिजुभाई बधेकांबरोबर भावनगरला काम करू लागल्या, १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ उभा राहिला, १९४५ मध्ये बोर्डीला ग्रामीण बालशिक्षणाचं काम सुरू झालं आणि अनुताई वाघ तिथं येऊन मिळाल्या. १९५७ मध्ये ते काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. या सगळ्यामागे मारिया माँटेसरींची प्रेरणा होती, आणि माँटेसरींचा कल कल्पनेच्या खेळापेक्षा खऱ्या कामाकडे होता. मुलाला खोटा झाडू देऊ नका, हाताला पेलेल असा खरा झाडू द्या, असं त्यांचं म्हणणं. मला त्यात तथ्य वाटतं. खऱ्या तांब्यातून आजोबांना खरं पाणी नेऊन देणं, गाईपुढे खरंच वाढं टाकणं, हे बाहुलीला पाणी पाजण्याइतकंच मोलाचं आहे. पण खऱ्या कामात चुकायला जागा कमी असते. पाणी सांडतं, गाय शिंग हलवते. खेळात मूल शंभर वेळा चुकू शकतं, आजारी पाडू शकतं, बरं करू शकतं. गावातल्या घरात दोन्ही शेजारी-शेजारी चालतात, ही आपली श्रीमंती आहे.

एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. बाहुली खेळवली की मूल हमखास दयाळू होतं, असं विज्ञान म्हणत नाही. व्हर्जिनिया विद्यापीठाच्या अँजेलिन लिलार्ड आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये तोवरचं सगळं संशोधन चाळून सांगितलं, की खोट्या-खोट्या खेळामुळेच हे गुण येतात, असा ठाम पुरावा नाही. खेळाबरोबर येणारं मोठ्या माणसाचं बोलणं, त्याचं जवळ बसणं, यांचाही वाटा असू शकतो. कार्डिफ विद्यापीठाच्या २०२० मधल्या अभ्यासात ४ ते ८ वर्षांची मुलं एकट्यानं बाहुल्या खेळत असतानाही, इतरांना समजून घेताना मेंदूचा जो भाग कामाला लागतो तो जागा झालेला दिसला. त्या अभ्यासाला पैसा बाहुल्या बनवणाऱ्या कंपनीचा होता, हेही लक्षात ठेवावं. त्यामुळे महागडी बाहुली घ्यायची गरज या सगळ्यातून कुठंच सिद्ध होत नाही. जवळ बसून बोलणारं माणूस मात्र लागतं, आणि मोबाइलवरचं कार्टून ते काम करत नाही.

बाहुली मुलग्यांच्या हातातही द्यावी, हे वेगळं सांगावं लागतं याचं वाईट वाटतं. दोन वर्षांचा मुलगा बाळाला खांद्यावर टाकून थोपटत असला की कुणीतरी हसतं. आणि तो मग ट्रॅक्टर उचलतो. तसं झालंच तर ट्रॅक्टरही आजारी पाडावा, त्याच्या चाकाला काटा टोचलेला असावा.

खरं भांडण मात्र खेळानं सोडवू नये. दोन वर्षांच्या दोघांनी एकच गाडी ओढली तर ‘सॉरी म्हण’, ‘दे त्याला’ असं बळजबरीनं वदवून घेण्यात काही हाती लागत नाही. “बघ, त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. तुझं झालं की त्याला द्यायची का?” इतकं सांगून थांबावं. वाटून घेणं त्या वयाला जड जातं, ते हळूहळू जमतं.

अंगणवाडी ३ ते ६ वयाच्या मुलांना शाळापूर्व शिक्षण देते. एकात्मिक बालविकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ ला सुरू झाली तेव्हापासून. तीनच्या आतल्या मुलांपर्यंत सेविका गृहभेटीतून पोचते आणि २०२४ मध्ये केंद्रानं या सर्वांत लहान वयासाठी ‘नवचेतना’ हा आराखडाही आणला. गृहभेटीत वजनाबरोबर दोन मिनिटं खेळाचीही असावीत, असं मला मनापासून वाटतं. सेविकेनं आजीसमोर बाहुलीला एकदा भरवून दाखवलं तरी पुष्कळ.

आणि दरवर्षी हंगामात वडगावच्या या भागात आणखी मुलं येतात. सोमेश्वरनगरच्या आणि माळेगावच्या कारखान्यांसाठी ऊसतोडीला आलेल्या कुटुंबांची. दिवाळीच्या आसपास त्यांच्या कोप्या, म्हणजे झोपड्या, पडतात आणि उन्हाळ्याच्या तोंडाला उठतात. आईबाप पहाटे फडात जातात. मागे पाच-सहा वर्षांची ताई तान्ह्या भावाला कडेवर घेऊन दिवसभर फिरते. तिला दुसऱ्याची कळ शिकवायची काहीच गरज नाही, ती वयापेक्षा जास्तच शिकली आहे. तिच्यासाठी हा खेळ उलटा मांडावा लागतो. ती जिथं उतरली असेल तिथल्या अंगणवाडीत तिचा हक्क आहे. ती आली तर तिला पुन्हा आईच करू नये. दवाखाना-दवाखाना मांडावा आणि तिला पेशंट करावं. गावातल्या पोरांपैकी कुणी डॉक्टर, कुणी नर्स, कुणी डबा घेऊन आलेली आई. तिला सतरंजीवर झोपवावं, कपाळावर ओली पट्टी ठेवावी, खोटी पेज भरवावी. तेवढा वेळ तिच्या कडेवरचं बाळ मदतनीस बाईंनी घ्यावं.